तेरापैकी तेरा फोन लागतात, हा माझा अर्ज मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, पाथर्डी,
ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर.

अर्जदार : सौ. मोनिका अमृत लवांडे, वय २७, शिक्षण बी.एस्सी. (संख्याशास्त्र),
राहणार खोलदरा वस्ती, तिसगाव शिवार, ता. पाथर्डी.
सध्या मुक्काम : माहेरी, द्वारा श्री. राधाकृष्ण औटी, पारनेर (बाळंतपणामुळे).

विषय : खोलदरा वस्तीवर शंभर टक्के मोबाईल संपर्क असल्याबाबतचा माझा अर्ज रद्द समजून महसूल सेवकाची फेरी आजच्या आज पुन्हा सुरू करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचाच दि. ८ डिसेंबर २०२५ रोजीचा अर्ज व सोबतचा तुलनात्मक तक्ता.
२) श्रीमती कडूबाई दगडू वाघ, रा. वरचे खळे, खोलदरा वस्ती, यांनी अर्जदारास दिलेली तोंडी ताकीद.

महोदय,

१. "एका खुट्ट्याला समदी जनावरं बांधू नगंस, पोरी. खुट्टा उपाटला, तर माग काढायला बी कुनी उरायचं न्हाई." हे वाक्य श्रीमती कडूबाई वाघ यांनी गेल्या नोव्हेंबरात वस्तीवरच्या लिंबाखाली, दहा-बारा माणसांच्या देखत अर्जदारास ऐकवले. विषय जनावरांचा नव्हता, मोबाईलचा होता. वस्तीवरचे सगळे फोन एकाच कंपनीचे करून घ्यावेत, असे अर्जदार वहीतला तक्ता दाखवून समजावत होती. त्यावर अर्जदार हसली आणि म्हणाली, "मावशी, हे मोबाईल आहेत, शेळ्या नाहीत. यांना दावं लागत नाही." बसलेली माणसेही हसली. कडूबाई हसल्या नाहीत. त्यांनी पदर सारखा केला, शेळ्या पुढे घातल्या आणि खळ्याची चढण धरली. अर्जाच्या सुरुवातीला असली हकीकत लिहीत नाहीत हे अर्जदारास ठाऊक आहे; वस्तीवरचे निम्मे अर्ज तिच्याच हातचे असतात. परंतु पुढचे सगळे त्या हसण्यातून निघाले असल्याने ते प्रथम नोंदवणे भाग आहे.

२. खोलदरा वस्ती तिसगावपासून सहा किलोमीटरवर डोंगराच्या पोटात आहे. दिवाळी झाली की हातीपायी धड माणसे ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर, कोणी श्रीगोंद्याकडे, कोणी पार कर्नाटकात जातात, ती उन्हाळा लागल्यावरच परततात. मागे राहतात म्हातारी माणसे, शेळ्या आणि फोन. या हंगामात अर्जदाराचा धरून असे तेरा फोन मागे होते. वस्तीवर कंपन्यांची खरी नावे कोणी घेत नाही. जिची रेंज जिथे मिळते त्या जागेवरून तिचे नाव पडते. पाण्याच्या टाकीवर चढल्यावर लागते ती 'टाकीची', लिंबाखाली लागते ती 'लिंबाची', आणि कडूबाईंच्या वरच्या खळ्यावर लागते ती 'खळ्याची'. एक बंद पडली की माणूस दुसरीवाल्याच्या घरी जाई. "तुझी टाकी चालू हाय का गं? माझा लिंब आज मेलाय," हे बोलणे रोजचेच. लग्न होऊन आल्यापासून अर्जदारास या प्रकाराची मनातून लाज वाटे. माहेरी फोन लावायचा तर बाईमाणसाने टाकीची शिडी चढायची, हे पारनेरात कोणाला सांगायचे? आज त्या लाजेचीच लाज वाटते.

३. अर्जदाराचे संख्याशास्त्र लग्नानंतर पाच वर्षे चुलीपुढे बसून होते. टोळ्या गेल्या आणि तिने ते उठवले. दि. ३ ते २३ नोव्हेंबर असे एकवीस दिवस, शेजाऱ्यांचे फोन मागून घेऊन, घराच्या स्लॅबवर उभी राहून तिने तिन्ही कंपन्यांची मोजदाद केली. प्रत्येक वेळी प्रत्येकीवरून पाच फोन लावायचे; किती लागले, किती मध्येच तुटले, ते वहीत लिहायचे. शिवाय कोणाची स्वस्ताची वेळ कोणती, तेही तपासले. फक्त बोलण्यापुरत्या रिचार्जसाठी या कंपन्यांनी गिऱ्हाईक कमी असते तेव्हाच्या वेळा ठरवून दिल्या होत्या. टाकीची रात्री अकरा ते पहाटे सहा फुकट. त्या वेळी सत्तरीच्या माणसाने शिडी चढायची कशी, याचे उत्तर योजनेच्या कागदावर नव्हते. लिंबाची पहाटे पाच ते सात आणि दुपारी एक ते तीन फुकट. खळ्याची म्हणाल तर सवलत कसलीच नाही, आठही प्रहर एकच भाव, आणि रेंजही एकच काडी; पण ती काडी चुलीपुढच्या मांजरासारखी जागची हलत नसे. एकवीस दिवसांची बेरीज केली तेव्हा 'लिंबाची' शंभरातले सत्त्याण्णव फोन लावून पहिली आली.

या तक्त्यात आकड्याची चूक नाही. चूक आहे ती वेळेची. अर्जदाराची थोरली मुलगी सृष्टी चार वर्षांची. ती झोपलेली असेल तेव्हाच अर्जदारास स्लॅबवर जाता येई, म्हणजे पहाटे आणि दुपारी. अर्थात कंपनीवर कोणाचाच भार नसतो नेमक्या त्याच वेळी कंपनीची परीक्षा घेतली गेली. सकाळी नऊला, संध्याकाळी सातला, जेव्हा टोळीवरची माणसे घरी फोन लावतात आणि घरची टोळीवर, तेव्हाची एकही ओळ तक्त्यात नाही. ज्या वेळी कोणाला कोणाची गरज नसते त्या वेळी फोन छान लागतो, एवढेच त्यातून सिद्ध होते. शिवाय सगळी मोजणी स्वतःच्या स्लॅबवरून. वरच्या खळ्यावर अर्जदार मोजायला एकदाही चढली नाही. सातवा महिना चालू होता हे कारण खरे आहे, पुरेसे नाही. कारण तक्त्याच्या मथळ्यात 'संपूर्ण वस्ती' लिहिताना तिचा हात अडखळला नव्हता.

४. तिसगावात मोबाईलचे दुकान चालवणारे श्री. कैफ शेख यांना अर्जदाराने वस्तीवर बोलावून घेतले. आठ दिवसांत बारा फोन 'लिंबाचे' झाले. तेरावा कडूबाईंचा. त्यांचा मुलगा श्रीमंत कर्नाटकात टोळीवर असतो, वरच्या खळ्यावर त्या एकट्या राहतात, वय बहात्तर. त्यांचा बटनाचा फोन 'खळ्याचा' होता आणि दारात बसल्याबसल्या लागत होता. बारावर थांबता आले असते. परंतु तेरापैकी बारा म्हणजे ब्याण्णव टक्के होतात आणि तेरापैकी तेरा म्हणजे शंभर. जी बाई मोजायला खळ्यावर चढली नाही, ती मन वळवायला तीनदा चढली. तिसऱ्या खेपेला कडूबाईंनी तिच्याकडे पाहिले, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि म्हणाल्या, "पोट एवढं पुढं आलंय, आन् माझ्या फोनापायी चढन चढतीस. कर बाई काय करायचं ते. पन पुन्हा वर येऊ नगंस." त्यांनी होकार दिला तो तक्त्याला नव्हे, अर्जदाराच्या आठव्या महिन्याला. तो अर्जदाराने तक्त्याच्या नावावर मांडला.

नवे सिम त्यांच्या बटनाच्या फोनमध्ये चालेना, म्हणून अर्जदाराने आपला जुना काचेचा फोन त्यांना दिला. "ह्याच्यावर बोट फिरवायचं म्हंजी ओल्या भाकरीवरनं मुंगी हाकलल्यागत हाय," असे म्हणत त्या दोन दिवसांत तो शिकल्याही. जुने सिम मात्र त्यांनी टाकू दिले नाही. पदराच्या गाठीत सुपारीशेजारी बांधून ठेवले. "चालत न्हाई तरी असूंदे. जुनं मानूस हाय." आणि हेही येथे सांगणे आवश्यक आहे की नव्या कंपनीची रेंज त्यांच्या दारात नव्हतीच. ती खळ्याच्या कडेच्या दगडी बांधावर चढून उभे राहिले तरच मिळे. तो बांध कमरेइतका उंच आहे आणि त्याच्या पलीकडे घळ आहे. "मावशी, फक्त बांधावर चढायचं, झालं," असे अर्जदार म्हणाली होती. ही झाली दि. ३ डिसेंबरची गोष्ट. एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस परत बदलता येत नाही, म्हणजे दि. ३ मार्चपर्यंत.

५. आता संदर्भ क्र. १ विषयी. आमच्या वस्तीचे नाव आपल्या कार्यालयाच्या 'संपर्क नसलेल्या वस्त्या' या यादीत होते. त्यामुळे ऊसतोडीच्या हंगामात महसूल सेवक श्री. बिभीषण (आम्ही अजून कोतवालच म्हणतो) दर सोमवारी व गुरुवारी वस्तीवर फेरी मारत. लिंबाखाली गाडी लावून तीनदा हॉर्न देत, नोटिसा वाटत, म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करत, आणि शेवटी चढण चढून कडूबाईंच्या हातचा चहा घेऊन उतरत. त्यांना ते आत्या म्हणतात. 'संपर्क नसलेल्या' या शब्दांनी अर्जदारास कमीपणा वाटे. म्हणून दि. ८ डिसेंबर रोजी तिने आपणांस लिहिले की, वस्तीवर आता तेरापैकी तेरा फोन लागतात, सबब वस्तीचे नाव यादीतून कमी करण्यात यावे. तलाठी भाऊसाहेब तक्ता पाहून म्हणाले, "प्रत्येक वस्तीला अशी एक शिकलेली सून पाहिजे." अर्जदार आठ दिवस त्या वाक्यावर जगली. आपल्या कार्यालयाने अर्जावर तत्परतेने कार्यवाही करून नाव कमी केले व फेरी बंद झाली. यात कार्यालयाकडे काडीइतका दोष जात नाही. मागितले तेच दिले. बिभीषणभाऊ शेवटच्या फेरीला एवढेच म्हणाले, "ताई, टायर वाचलं माझं. आत्याचा चा तेवढा गेला."

६. दि. १४ डिसेंबर रोजी अर्जदार सृष्टीला घेऊन बाळंतपणासाठी पारनेरला आली. तोवर रोज सकाळी खळ्यावर एक चक्कर टाकणे हे वस्तीने अर्जदाराकडे दिलेले काम होते; बाकीच्यांचे गुडघे चढणीला दाद देत नाहीत. निघताना खळ्याच्या वाटेवर राहणाऱ्या सहादेव आजोबांनी विचारले, "मग आता वर कोन जाईल गं?" अर्जदार म्हणाली, "आता जायचं कारणच नाही, आजोबा. फोन आहे ना." तिने ते काम कोणाच्या हाती दिले नाही, फोनच्या हाती दिले. कडूबाईंशी ठरले ते असे : रोज सकाळी सहाच्या आत, म्हणजे स्वस्ताच्या आणि खात्रीच्या वेळेत, त्यांनी दोन रिंगा देऊन फोन कट करायचा. दोन रिंगा म्हणजे 'उठले, बरी आहे.' काही अडले तर कट करायचा नाही, वाजू द्यायचा. अर्जदार काय ते समजेल. दि. १५ डिसेंबर ते १३ जानेवारी अशा तीस सकाळी दोन रिंगा आल्या. एकदाही चुकल्या नाहीत. एका बहात्तर वर्षांच्या बाईने थंडीत, अंधारात, कमरेइतक्या बांधावर तीस वेळा चढून त्या दिल्या, हा हिशेब अर्जदाराने त्या तीस दिवसांत एकदाही केला नाही. तिला वाटे, यंत्रणा चालली आहे.

दि. २ जानेवारी रोजी अर्जदारास शस्त्रक्रियेने दुसरी मुलगी झाली.

७. दि. १४ जानेवारीपासून रिंग नाही. संक्रांतीचा दिवस म्हणून पहिल्या दिवशी मनाची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी सहादेव आजोबांना फोन लावला. 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मग एकेक करत बाराही फोन लावले. बाराही बाहेर. पूर्वी लिंब मेला तर टाकी असे, टाकी गेली तर खळे असे. आता विचारायला वस्तीवर दुसरे काहीच शिल्लक नव्हते. ते कोणी शिल्लक ठेवले नाही, ते वर आलेच आहे.

श्री. कैफ शेख यांना फोन केला तेव्हा कळले की भोगीच्या दिवशी, दि. १३ रोजी, अकराच्या सुमारास कंपनीचा टॉवर बंद पडला. "ताई, टावरच्या बॅटऱ्याच चोरीला गेल्या. कंपनीचा मानूस येतो म्हनतो, कवा ते सांगत न्हाई. अब्बांना घेऊन मी नगरला दवाखान्यात हाय, न्हाईतर गाडी काढली असती." त्यांचे वडील बाबाजान अतिदक्षता विभागात आहेत, त्यांना आणखी कोणत्या तोंडाने गळ घालायची? कंपनीच्या तक्रार क्रमांकावर तीनदा बोलणे झाले. ज्या क्रमांकाची तक्रार आहे त्याच क्रमांकावरून फोन करावा, असा त्यांचा नियम आहे. तो क्रमांक लागत नाही हीच तक्रार आहे, असे सांगितल्यावर पलीकडची मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, "मग तो सुरू झाला की करा, मॅडम." दुसऱ्या दिवशी संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यात आली आहे, समाधानी असाल तर एक दाबा.

घरी सांगून पाहिले. अर्जदाराचे पती श्रीगोंद्याला कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. ते म्हणाले, "अगं, रेंज गेली म्हंजी मानूस गेलं का? रविवारी गाडी मोकळी झाली तर बघतो." रविवार काल होऊन गेला, गाडी मोकळी झाली नाही. अर्जदाराची आई म्हणते, बाळंतिणीने फोन फोन करू नये, दूध आटते. अर्जदाराचे टाके अजून ओले आहेत आणि सव्वा महिना व्हायचा आहे. तिला उंबरा ओलांडू देत नाहीत. वडिलांना प्रवास झेपत नाही. बिभीषणभाऊंचा क्रमांक घेऊन ठेवण्याची कधी गरजच पडली नव्हती, ते हॉर्न देऊन येत. पोलिसांकडे जावे तर काय घडले आहे ते छातीठोकपणे सांगता येत नाही. एका म्हातारीने सहा दिवस फोन केला नाही, यात घडले असे काय? येथे पारनेरात फोनवर पाचच्या पाच काड्या रेंज आहे. ती पाहवत नाही.

८. यापुढचे लिहावे की नाही, यात कालचा दिवस गेला. दि. १६ रोजी कडूबाईंचा मुलगा श्रीमंत याचा कर्नाटकातून फोन आला. तो म्हणाला, "ताई, आईचा फोन लागंना. तुमाला दोन रिंगा देती ना?" अर्जदार म्हणाली, "देते की." तो म्हणाला, "मग झालं. तुमी हाय म्हनून आमी बिनघोर हाय." आणि त्याने फोन ठेवला. तोवर तीन दिवस रिंग आलेली नव्हती. खोटे बोलायचे असे काही ठरवले नव्हते. तक्ता दाखवताना जी जीभ सरळ चालली, तीच तशीच चालली. श्रीमंत त्या उत्तरावर निवांत होऊन ऊस तोडत आहे. त्याने घरी येण्याचा, निदान कोणाला पाठवण्याचा एकच रस्ता होता, तो अर्जदाराने तीन शब्दांतसुद्धा नाही, दोन शब्दांत बंद केला.

९. आणि भोगीची सकाळ. येथे "अर्जदाराने फोन उचलला नाही" असे लिहून पाहिले. ते दुसऱ्याच कोणा बाईबद्दल लिहिल्यासारखे दिसते. मी उचलला नाही.

दि. १३ ला पहाटे दोन रिंगा आल्या होत्या, नेहमीसारख्या. मग नऊ वाजून पन्नास मिनिटांनी कडूमावशींचा पुन्हा फोन आला. दोन रिंगांनंतर तो थांबला नाही. तिसरी झाली, चौथी झाली. बाळ अकरा दिवसांचे, रात्रभर रडून नुकते छातीशी निजले होते. आई म्हणाली, "राहू दे, पोरीला उठवशील." फोन माझ्या मांडीशी होता, हात पोचत होता. तो शेवटपर्यंत वाजला आणि बंद झाला. त्याचा अर्थ काय, हे जगात दोनच माणसांना माहीत होते, आणि त्यातले एक मी होते.

तरीही मी लगेच उलटा फोन केला नाही. साहेब, मी काय विचार केला तेच लिहिते. मी विचार केला की आता दहाचा सुमार आहे, सगळीकडून फोन चालू असतील, लागला तरी मध्येच तुटेल, मावशींना बांधावर उगाच ताटकळावे लागेल. दुपारी दीडला लावू. दीडला शंभरातले सत्त्याण्णव लागतात. मी माझ्याच तक्त्यावर विश्वास ठेवला. दीडला लावला तेव्हा टॉवर बंद पडून अडीच तास झाले होते.

त्यांना काय हवे होते मला माहीत नाही. भोगीची भाजी खाल्लीस का, एवढेच विचारायचे असेल. बोट चुकून फोन कट करायचा राहिला असेल. टॉवर गेल्याने सगळ्यांचेच फोन बंद आहेत, त्या बांधावर चढून दोन रिंगा देत असतील आणि त्या माझ्यापर्यंत येत नसतील, असेही असेल. ही सगळी उत्तरे मी रोज स्वतःला देते. बाळाला पाजताना देते, सृष्टीची वेणी घालताना देते. सृष्टी विचारते, "आई, कडूआजीचा फोन वाजला का?" तिला सकाळच्या दोन रिंगा पाठ झाल्या आहेत.

१०. तरी वरील वस्तुस्थिती ध्यानात घेऊन आपणांस विनंती की, दि. ८ डिसेंबरचा माझा अर्ज व तक्ता रद्द समजावा आणि खोलदरा वस्तीचे नाव 'संपर्क नसलेल्या वस्त्या' या यादीत परत घ्यावे. ते नाव तिथे शोभते. वस्तीवरील बारा जणांना नव्वद दिवस पूर्ण होण्याआधी आपापल्या जुन्या कंपनीत परत जाऊ द्यावे, अशी शिफारस आपल्या अधिकारात बसत असेल तर करावी. बसत नसेल तर मी तीन मार्चला प्रत्येकाच्या दारात जाऊन माफी मागेन आणि फॉर्म भरून देईन. यादी, शिफारस, कागदपत्र, हे सारे सवडीने झाले तरी चालेल.

एक गोष्ट मात्र आजची आहे. आज सोमवार आहे. माझा अर्ज नसता तर आज बिभीषणभाऊंच्या फेरीचा दिवस होता. हा अर्ज मी कार्यालय उघडण्याआधी मेलने पाठवत आहे आणि सही केलेली प्रत टपालाने. आपण तो वाचताच त्यांना तेवढे पाठवावे. लिंबाखाली हॉर्न देऊन थांबू नये, मावशींना डाव्या कानाने ऐकू येत नाही. वाटेत सहादेव आजोबांना हाक द्यावी, पण तिथेही बसू नये. सरळ खळ्यावर जावे. दार लावलेले असेल तर ढकलावे, त्याला आतून फक्त दोरी असते. घरात नसतील तर शेळ्या कुठे आहेत ते पाहावे, त्या शेळ्यांना सोडून लांब जात नाहीत. आणि कृपा करून बांधाच्या पलीकडे, घळीच्या अंगालाही वाकून पाहावे.

त्या भेटल्या तर त्यांना सांगावे की खुट्ट्याचे म्हणणे पोरीला कळले. पुन्हा बांधावर चढू नका, मी सांगितले म्हणून सांगावे. रागावल्या असतील तर रागावू द्यावे, मध्ये पडू नये. चहा देतील, तो घ्यावा.

तिथून मला फोन लागणार नाही. माघारी तिसगावात आल्यावर बिभीषणभाऊंनी मला फोन करावा. माझा क्रमांक जुन्या अर्जावर आहे, तोच आहे. मावशी बऱ्या असतील तर दोन रिंगा द्याव्यात आणि कट करावे. बोलायचीही गरज नाही. तसे नसेल तर वाजू द्यावा. वेळ कुठलीही असो, या खेपेला मी उचलीन. फक्त कोणीतरी वर जाऊन त्यांना आज बघून यावे.

फोन हातात धरून बसलेली,

(सही)
सौ. मोनिका अमृत लवांडे

स्थळ : पारनेर
दिनांक : १९ जानेवारी २०२६, सकाळी ७ वाजून १० मिनिटे

सोबत :
१) दि. ३ ते २३ नोव्हेंबरचा तुलनात्मक तक्ता (रद्द समजावा).
२) दि. १५ ते १८ जानेवारीचा नवा तक्ता : बारा फोन, सकाळ, दुपार, संध्याकाळ, सर्व रकाने शून्य. या वेळी सगळ्या वेळा मोजल्या आहेत.
३) लिंबापासून वरच्या खळ्यापर्यंतच्या वाटेचा हाताने काढलेला नकाशा. बांधाची जागा फुलीने दाखवली आहे.

प्रत : श्री. श्रीमंत दगडू वाघ, ऊसतोड टोळी, कर्नाटक, यांना. खरे माझ्याकडूनच कळावे म्हणून.